सीताफळाची उत्तरेतली भावकी: ओहायोच्या बॅकयार्डात पॉपॉ, प्रकल्प नोंदी

१८ सप्टेंबर २०१७

बिया आज फ्रिजमध्ये गेल्या, म्हणजे कामाला सुरुवात झाली असं धरते. काल लेक स्नोडनला पॉपॉ फेस्टिव्हल होता, १९९९ पासून दर सप्टेंबरात भरतो, तिथून फळं आणली, गर खाल्ला, बिया ठेवल्या. पुण्याकडच्या मंडळींना पॉपॉ म्हटलं की पपईच डोळ्यासमोर येते, तर ही पपई नाही. हे सीताफळ-रामफळाच्या कुळातलं झाड, असिमिना ट्रायलोबा. त्या कुळातली जवळपास सगळी झाडं उष्ण प्रदेशातली, आणि हे त्यातलं असं की थंडीत पानं टाकून बर्फात उभं राहतं, उणे २५ सेल्सियसलाही तग धरतं. अमेरिकेतलं खाण्याजोगं सगळ्यात मोठं देशी फळ हेच, आणि २००९ पासून ओहायोचं अधिकृत देशी फळसुद्धा. तरी इथे कोलंबसच्या कुठल्याही दुकानात मला ते आजवर दिसलेलं नाही, त्यामुळे खायचं तर लावायचं, दुसरा रस्ता नाही.

बिया मोठ्या, चपट्या, काळपट तपकिरी, गरात दोन ओळींनी बसलेल्या. गर पूर्ण धुऊन काढला (राहिला तर बुरशी धरतो), ओल्या मॉसमध्ये गुंडाळून झिपवाल्या पिशवीत घातल्या आणि फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. वडिलांना, म्हणजे अण्णांना, सासवडला फोन केला तर ते म्हणाले, "अगं बिया वाळव आधी, ओल्या ठेवल्यास तर कुजतील." सीताफळाच्या बिया ते सावलीत वाळवून डब्यात ठेवतात आणि पुढच्या वर्षी लावतात, छान उगवतात. पण पॉपॉची बी वाळली की मेली. तिला ओलही हवी आणि तीन-चार महिने थंडीही, त्याशिवाय आतला कोंब जागाच होत नाही. त्याच वेळी फ्रीजरमध्ये टाकूनही चालत नाही, फार गोठली तरी मरते. म्हणजे भावकीच्या चालीरीती वेगळ्या आहेत हे पहिल्याच पायरीला कळलं.

४ फेब्रुवारी २०१८

पिशवी उघडून बघितली. एक-दोन बियांवर पांढरी बुरशी होती, धुऊन परत ठेवल्या, मॉस थोडं सुकल्यासारखं वाटलं म्हणून पाणी शिंपडलं. बाकी काही नाही.

२५ मार्च २०१८

पेरल्या. साध्या कुंड्या चालत नाहीत कारण ह्याचं सोटमूळ आधी सरळ खाली जातं आणि वर काही दिसायच्या आतच कुंडीचा तळ गाठतं, तिथे वळलं की झाड जन्मभर तसंच वेडंवाकडं राहतं. म्हणून १४ इंच खोल, उभ्या चौकोनी ट्री पॉट आणल्या. बी इंचभर खोल, आडवी. माती म्हणजे कंपोस्ट, पीट आणि परलाइट. ठेवल्यात वॉशरूमच्या शेजारच्या खोलीत, हीटरमुळे तिथे ऊब असते, ह्या बीला २५ अंशांच्या वर आवडतं.

२२ जुलै २०१८

आले!! मे गेला, जून गेला, कुंड्यांमध्ये नुसती माती बघून नवरा म्हणत होता टाकून दे आता, पण मला माहीत होतं की खाली मूळ चाललेलं असणार. एक कुंडी उचलून बघितली तर तळाच्या भोकातून पांढरं जाड मूळ बाहेर आलेलं आणि वर अजून काहीच नाही. आणि मग ह्या आठवड्यात एकदम कोंब वर आले, वाकलेले, मग ताठ झाले. पहिली पानंसुद्धा लांबट. चुरगळून वास घेतला तर चक्क ढोबळी मिरचीचा वास.

कुंड्या बाहेर आणल्यात पण मेपलच्या सावलीत. पहिली एक-दोन वर्षं ह्या रोपांना कडक ऊन सहन होत नाही, पानं पांढरी पडून जळतात. जंगलात मोठ्या झाडांखाली उगवायची सवय. नंतर मोठं झाल्यावर मात्र फळ हवं असेल तर भरपूर ऊन लागतं.

२१ एप्रिल २०१९

आज जागा ठरवली आणि दोन विकतची कलमं लावली, शेनान्डोआ आणि सस्क्वेहाना. बियांची रोपं अजून कुंडीतच, ती पुढच्या वर्षी.

आधी विकत का घेतली ते लिहून ठेवते. बीपासूनच्या झाडाला फळ यायला पाच ते आठ वर्षं, कलमाला तीन-चार. आणि बीपासून आलेलं झाड कसं निघेल काही सांगता येत नाही, सीताफळासारखंच, गर कमी बी जास्त असंही निघू शकतं. ही नावं नद्यांची आहेत आणि ती दिलीत नील पीटरसन ह्यांनी. हा माणूस वेस्ट व्हर्जिनियात शिकत असताना १९७५ साली त्याने पहिलं पॉपॉ खाल्लं आणि पुढची कित्येक वर्षं तो जुन्या संग्रहांतल्या पॉपॉची झाडं शोधत फिरला, त्यांच्या बिया गोळा करून मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या जमिनीवर हजाराच्या वर रोपं लावली, फळं आल्यावर एकेक चाखून, वजन करून, बी किती गर किती बघून त्यातली मोजकीच ठेवली. शेनान्डोआ सौम्य गोड, बिया कमी. सस्क्वेहाना आणखी मोठं, गर घट्ट. असा शोध त्याच्याही आधी झाला होता, १९१६ मध्ये अमेरिकन जेनेटिक असोसिएशनने सगळ्यात चांगल्या पॉपॉसाठी बक्षीस लावलं होतं, लोकांनी देशभरातून फळं पाठवली, आणि पहिला नंबर आला ओहायोतल्याच फळाचा. नंतर मात्र विषय मागे पडला कारण हे फळ टिकत नाही, दूर पाठवता येत नाही. पीटरसनसारख्या माणसाने एकट्याने इतकी वर्षं देऊन तो परत उभा केला ह्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आपली माती चिकण. पाणी साचलं तर मूळ कुजतं म्हणून खड्डा न करता जमिनीच्या वर मातीचा उंचवटा केला, त्यात पानांचं जुनं कंपोस्ट घातलं. मातीचा सामू (पीएच) तपासून घेतला, साडेपाच ते सातच्या मध्ये हवा, आपला सातच्या जवळ आहे, चालेल. दोन झाडांत आठ फूट अंतर. लावताना मुळांना हात लावला नाही, कुंडीचा गोळा तसाच अलगद सोडला, ह्याची मुळं मांसल असतात आणि पटकन मोडतात, आणि तुटलेलं मूळ सावकाश भरून येतं. म्हणूनच लावणी वसंतात, कळ्या फुगत असताना. वर शेड नेट, खाली लाकडाच्या भुश्याचं जाड आच्छादन, खोडापासून थोडं लांब.

१० मे २०२०

काल पहाटे पारा शून्याखाली गेला. मे महिन्यात! सगळ्या ओहायोत झालं. कलमांची नवी कोवळी पानं काळी पडून लोंबताहेत, बघवत नाही. रात्री चादरी टाकल्या होत्या, ज्या फांद्या चादरीला टेकल्या होत्या त्यांचंच जास्त नुकसान झालंय. पण खोड नखाने खरवडून बघितलं, आत हिरवं आहे.

बियांची रोपं अजून कुंडीत गॅराजमध्ये होती, ती वाचली. आता थंडी गेल्यावर ह्याच महिन्यात जमिनीत लावते.

३१ मे २०२०

दोन्ही कलमं परत फुटली. बियांच्या रोपांची लावणी झाली, कुंपणाच्या कडेने एक ओळ.

१६ मे २०२१

कलमं बांधली. काड्या फेब्रुवारीत एका ओळखीच्या पॉपॉवाल्या आजोबांकडून आणलेल्या, झाड झोपेत असतानाच कापून ओल्या कागदात फ्रिजमध्ये. सनफ्लॉवर आणि केएसयू-अ‍ॅटवूड ह्या दोन जाती. अ‍ॅटवूड ही केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीने २००९ मध्ये काढली, पॉपॉवर पूर्णवेळ संशोधन केंटकीतल्या फ्रँकफर्टच्या त्या विद्यापीठातच चालतं, सरकारचा पॉपॉचा जातीसंग्रहही तिथेच आहे.

इथे अण्णांचं शिक्षण कामाला आलं. लहानपणी मी त्यांना सीताफळाच्या खुंटावर पाचर कलम करताना बघितलंय, सुरी धरायची कशी, एका ओढीत काप घ्यायचा, खुंटाची आणि काडीची साल निदान एका बाजूने तरी जुळली पाहिजे, हे सगळं तेच. आज व्हिडिओ कॉल लावून फोन बादलीवर टेकवून ठेवला आणि ते तिथून सांगत होते. "दाब, दाब अजून, हवा राहता कामा नये." फक्त वेळ वेगळी. इथे खुंटाची पानं फुटायला लागली, दिवस गरम झाले, की मगच बांधायचं, थंडीत बांधलं तर जुळत नाही. वर पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणासारखी पट्टी) गुंडाळली. ज्या रोपांचं खोड पेन्सिलीएवढं झालं होतं तेवढीच घेतली, बाकीची पुढच्या वर्षी.

१३ जून २०२१

बहुतेक काड्या फुटल्या. खुंटाला खालून येणारे फुटवे काढत राहायला लागतात, नाहीतर सगळा जोर तिकडे जातो.

७ नोव्हेंबर २०२१

पानं सगळी पिवळी होऊन गळली. हरणं पॉपॉची पानं खात नाहीत, त्यात असिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात, चवीलाच नको असतात त्यांना. पण नर हरीण ह्या दिवसांत शिंगं घासायला नेमकं असंच सडसडीत खोड शोधतं आणि एका रोपाची साल एका बाजूने सोलून गेलंय. सगळ्या झाडांना तारेच्या जाळीचे पिंजरे केले.

२८ एप्रिल २०२२

फुलं!

कळ्या तशा थंडीतच ओळखता येत होत्या. पानाची कळी अरुंद, टोकदार. फुलाची गोल, मखमली तपकिरी, वाटाण्याएवढी. फूल पानांच्या आधी येतं, नागड्या फांदीवर, आधी हिरवं असतं मग रोज थोडं थोडं गडद होत काळपट मरून रंगावर येतं, तोंड खाली करून लोंबतं. सहा पाकळ्या, बाहेरच्या तीन मोठ्या आणि आत तीन लहान. वास घ्यायला नाक अगदी आत घालावं लागतं, आंबलेल्या कणकेसारखा येतो. मधमाशी ह्याच्याकडे ढुंकून बघत नाही, माश्या आणि छोटे भुंगे येतात, आणि तेही एप्रिलच्या गारठ्यात फारसे नसतात.

सगळ्या प्रकल्पाची मेख इथे आहे म्हणून सविस्तर लिहिते. ओलेन्टँजी नदीच्या काठच्या जंगलात पॉपॉची दाट राई आहे, पण फळ क्वचित, लोक म्हणतात ही झाडं वांझ आहेत. वांझ नाहीत. मुळांतून फुटवे येऊन येऊन एका झाडाचीच राई झालेली असते, आणि पॉपॉचं फूल स्वतःच्या झाडाचा पराग घेत नाही. दुसऱ्या वंशाचं झाड जवळ पाहिजेच. कलमाचंही तसंच, दोन शेनान्डोआ शेजारी लावून उपयोग नाही, दोन जाती पाहिजेत.

शिवाय फूल आधी मादी असतं आणि नंतर नर. नवीन फुलात वाकून बघितलं तर मध्यभागी स्त्रीकेसरांची टोकं हिरवी, चकाकणारी, चिकट दिसतात आणि त्यांच्याभोवती पुंकेसरांचा गोळा कडक हिरवट असतो, तेव्हा ते पराग घ्यायला तयार. काही दिवसांनी टोकं सुकतात, गोळा तपकिरी होऊन सैल होतो, बोट लावलं की भुरभुर पिवळी पूड पडते, तेव्हा ते पराग द्यायला तयार. अण्णा म्हणाले, "अगं मग सीताफळात काय वेगळं असतं?" खरंय, तिथेही आधी मादी मग नर, आणि भुंग्यांवरच भिस्त, म्हणून तिकडेही काही बागायतदार ब्रश घेऊन परागीकरण करतात. फरक एवढाच की सीताफळाला शेजारच्या त्याच जातीचा पराग चालतो.

तर मी असं केलं. काळी छोटी वाटी घेतली (काळी एवढ्यासाठी की पिवळा पराग दिसावा), सस्क्वेहानाची जुनी तपकिरी गोळ्याची फुलं वाटीवर धरून टिचकी मारली, वॉटरकलरच्या मऊ ब्रशने पूड उचलली आणि शेनान्डोआच्या नव्या फुलांत टोकांवर अलगद फिरवली. पूड त्या चिकट टोकांवर बसलेली नुसत्या डोळ्यांना दिसते. मग उलट, शेनान्डोआचा पराग सस्क्वेहानाला. केलेल्या फुलांच्या देठाला लाल दोरा. सकाळी दव उडाल्यावर करते, आणि झाडावर सगळी फुलं एकदम येत नाहीत म्हणून रोज थोडं थोडं, दोन आठवडे चालेल असं दिसतंय.

१२ जून २०२२

लाल दोऱ्याच्या फुलांपैकी बऱ्याच जागी बोटाएवढी फळं धरलीत. एका फुलात अनेक बीजकोश असतात म्हणून एकाच देठावर फळांचा घोस येतो. दोरा नसलेल्या फुलांवर जवळपास काहीच नाही. ह्याहून स्पष्ट पुरावा नको.

घोसातली थोडी फळं झाड स्वतः गाळतं. राहिलेल्यांची मी विरळणी केली, झाडं लहान आहेत, फांदी मोडेल.

पानांवर झेब्रा स्वॉलोटेल फुलपाखराच्या अळ्या आहेत. ह्या अळ्या पॉपॉच्या कुळातल्या झाडांशिवाय दुसरं काही खात नाहीत, आणि त्या पानांतली कडू द्रव्यं अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात. थोडी पानं खाल्ली तर खाऊ दे. फवारणी करणार नाही.

१९ सप्टेंबर २०२२

पहिलं फळ खाल्लं, शेनान्डोआचं. गर पिवळसर, मऊ, चमच्याने खायचा. केळं, आंबा आणि मागून थोडं अननस. सीताफळाची रवाळ खडीसाखर इथे नाही आणि पाकळ्या पाकळ्याही नाहीत, सलग घट्ट कस्टर्ड. मुलांना विचारलं तर धाकटीने "आंबा-केळं" असं नाव ठेवलं आणि साल खरवडून खाल्ली, तेव्हा साल आणि बी खायची नाही हे पुन्हा बजावलं.

१७ सप्टेंबर २०२३

अण्णा आणि आई मेपासून इथे आहेत. फुलांचा शेवट त्यांना मिळाला, अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून शेवटची फुलं स्वतः केली आणि आता त्याचीच फळं उतरताहेत. सगळ्यात मोठं सस्क्वेहाना ३०० ग्रॅमच्या वर भरलं.

काढणीवर आमचे मतभेद झाले. सीताफळाचं कसं, डोळे उघडले, खाचा पिवळसर झाल्या की कडकच तोडायचं आणि आढी घालायची, घरात पिकतं. पॉपॉला डोळेच नाहीत, साल गुळगुळीत, रंगही किंचितच उतरतो. कडक तोडलेलं पिकत नाही, तसंच रबरी राहून काळं पडतं. अण्णांनी तरीही दोन कडक फळं तोडून गवतात ठेवली, म्हणाले बघू तरी, आणि आठवड्याने स्वतःच कंपोस्टमध्ये टाकून आले. आता त्यांची पद्धत अशी, रोज सकाळी प्रत्येक फळाखाली तळहात धरायचा, अंगठ्याने हलकं दाबायचं, दबलं आणि जरा उचलल्यावर देठ सुटला तर घ्यायचं. जमिनीवर पडेपर्यंत थांबलो तर रॅकून आधी पोचतो. बाहेर दोन-तीन दिवस टिकतं, किंचित घट्ट असताना काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर तीन आठवड्यांपर्यंत.

आईने बासुंदी केली. दूध आटवून पूर्ण गार केलं आणि मगच गर घातला, सीताफळ बासुंदीला करतो तसंच, आणि इथे तर ते आवश्यकच आहे. पॉपॉ शिजवून किंवा वाळवून खाल्लं की काही लोकांना मळमळ, उलट्या होतात. ताजंही पहिल्यांदा खाताना थोडंच खावं. गरात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं, फार मोठ्या प्रमाणात ते मज्जापेशींना घातक असल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय, म्हणून हंगामात आवडीने खायचं पण रोज वाट्याच्या वाट्या नाही. आई म्हणाली सीताफळाच्या बियांची पूड पूर्वी उवांना लावायचे आणि डोळ्यात गेली तर डोळा जायची भीती, त्यामुळे हे कुळच जपून हाताळायचं हे तिला सांगावं लागलं नाही.

शेजारच्या आजी बघायला आल्या होत्या, त्यांनी शाळेत शिकलेलं सांगितलं की अमेरिकेचा पश्चिम भाग शोधायला गेलेली लुईस आणि क्लार्कची तुकडी १८०६ च्या सप्टेंबरात परत येताना शिधा संपल्यावर मिझुरी नदीच्या काठी पॉपॉवर राहिली होती. बासुंदीची वाटी त्यांनी दोनदा मागून घेतली.

अण्णांना बिया सासवडला न्यायच्या होत्या. नाही म्हटलं. परवान्याशिवाय बी नेणं बेकायदा आहे, आणि नेलं तरी ह्या झाडाला निदान ४०० तास तरी थंडीची झोप लागते, पुरंदरच्या हिवाळ्यात ती मिळायची नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग तिकडं सीताफळच बरं."

८ सप्टेंबर २०२४

पाऊस नाही. दक्षिण-पूर्व ओहायोत तर दुष्काळाच्या नकाशावरचा सगळ्यात गडद रंग लागलाय, आजवर ह्या राज्यात कधी लागला नव्हता. आपल्याकडे तितकं नाही पण जमीन भेगाळलीय. मोठी पानं दुपारी मलूल होऊन लोंबतात. पॉपॉ नदीकाठचं झाड, फळ भरताना पाण्याची ओढ सोसत नाही. ठिबकची नळी प्रत्येक झाडाभोवती फिरवली, आच्छादन आणखी चार इंच चढवलं, आणि संध्याकाळी सावकाश पाणी. फळं लहान राहिली पण गळली कमी. चव उलट जास्त गोड. २०२१ च्या कलमांपैकी अ‍ॅटवूडला पहिली फळं आली, हिचा स्वाद आंब्याकडे झुकतो, घरात सगळ्यांचं मत की हीच आवडली.

२ मार्च २०२५

आज अ‍ॅटवूडच्या काड्या कापून फ्रिजमध्ये ठेवल्या. कुंपणाच्या ओळीत बीपासूनची जी रोपं अजून तशीच आहेत त्यातल्या दोघांना मागच्या वर्षी फळ आलं, एकाचं चांगलं आहे म्हणून ठेवणार, दुसऱ्याचा गर पांढरट, पचपचीत आणि मागून कडू, त्याच्यावर मेमध्ये अ‍ॅटवूडची पाचर बांधणार. जवळच राहणाऱ्या दोन मराठी कुटुंबांनी रोपं मागितलीत. त्यांना एकेक रोप देणार नाही, दोन वेगळ्या जातींची जोडी आणि सोबत एक ब्रश असंच देणार, आणि फुलांच्या दिवसांत स्वतः जाऊन एकदा करून दाखवणार.